नाना पेठेतले गाडी-इम्पोर्टवाले काका: ‘नाही’ ऐकायला दीड हजार दिले, पैसे वसूल

बाहेरून गाडी आणायची असेल तर ड्युटी आणि कागदांचा सल्ला देणारे हे काका. रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण काकांनीच हात जोडून सांगितलं की "नाव टाकू नकोस रे बाबा, आधीच फोन थांबत नाहीत, आणि निम्मे लोक फुकट विचारायला येतात." ज्याला खरंच गरज आहे त्याने नाना पेठेत स्पेअर पार्टच्या गल्लीत कुणालाही विचारावं, "कस्टमवाले काका कुठे बसतात", क्लच प्लेटच्या दुकानातला पोरगासुद्धा बोट दाखवतो. दुसरा मजला, जिना लाकडी आणि अंधारा, वरच्या तीन पायऱ्या करकरतात. लिफ्ट वगैरे विसरा.

मला ऑफरोडचं वेड लागलं ते ताम्हिणीत. मित्राच्या थारमध्ये मागे बसून चिखलातनं वर आलो आणि तिथेच ठरवलं की आपल्यालाही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी पाहिजे. पण थार नको, थार सगळ्यांकडेच आहे, पौड रोडच्या सिग्नलला उभं राहा आणि मोजा. मला पाहिजे होती जपानची छोटी जिम्नी, तीन दारांची, ६६० सीसीची. माझा मावसभाऊ नागोयाला असतो, तो दर आठवड्याला तिथल्या ऑक्शनचे फोटो पाठवायचा, सोबत तो ऑक्शन शीटचा कागद, ज्यावर गाडीचं चित्र असतं आणि कुठे ओरखडा, कुठे पोचा ते खुणा करून लिहिलेलं असतं. ग्रेड साडेचार, इंटिरियर बी, तीस हजार किलोमीटर. मी पार वेडा झालो होतो, बायको म्हणाली लग्नाचे फोटोसुद्धा तू इतक्या वेळा बघितले नाहीस.

हिशोब मी माझ्या मनानेच केला होता. गाडी, जहाजाचं भाडं, इन्शुरन्स सगळं धरून साधारण चौदा लाख, त्यावर "काहीतरी ड्युटी" म्हणून चार-पाच लाख, म्हणजे वीसच्या आत बसते. इथे मिळणारी पाच दारांची जिम्नीही साधारण त्याच घरात आहे, मग ही काय वाईट, असा माझा युक्तिवाद. ऑफिसातल्या एकाने काकांचा पत्ता दिला आणि म्हणाला, पैसे पाठवायच्या आधी एकदा जाऊन ये, नाहीतर गाडी बंदरात सडेल आणि तू घरी.

काकांनी पूर्वी न्हावाशेवा बंदरात क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवायचं काम केलंय, ज्याला आधी सीएचए म्हणायचे आणि आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात. अठ्ठावीस वर्षं. आता वय सत्तरीच्या आसपास, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटी स्टीलची टेप. टेबलावर कस्टम्स टॅरिफचं जाड पुस्तक, त्यात पेन्सिलने खुणा आणि लाँड्रीच्या पावत्या घातलेल्या, बुकमार्क म्हणून. पहिली भेट दीड हजार, वेळ अर्धा तास, पण घड्याळ ते बघत नाहीत. पेपर तपासून लेखी मत पाहिजे असेल तर सहा हजार. यूपीआय चालतं, क्यूआर कोड गणपतीच्या फोटोखाली चिकटवलाय.

मी फोटो दाखवले. त्यांनी फोटो बघितलेच नाहीत. पहिला प्रश्न, "मॅन्युफॅक्चरिंग कधीचं?" मी म्हटलं २०१९. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग विषय संपला. जुनी गाडी आणायची तर बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली पाहिजे. एकोणीसची गाडी बंदराला लागली तर परत पाठवायचा खर्च पण तुझाच."

तीन वर्षांचा नियम मला माहितीच नव्हता. आणि तो एकटा नाही. स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकला धरून पाहिजे, आल्यापासून निदान पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्यालायक असली पाहिजे आणि तेवढी वर्षं इथे सर्व्हिस मिळेल याची हमी. परत हे सगळं मुंबई बंदरातूनच, चेन्नई-कोलकाता चालत नाही. दुबईवाल्या गाड्यांचा विषय तर पहिल्या अटीतच कटतो, तिकडे स्टिअरिंग डावीकडे. जपानचं बरं की त्या बाबतीत ते आपल्यासारखेच आहेत, म्हणून पोरं सगळी जपानच्याच मागे लागतात.

आणि मग मला सगळ्यात जास्त हसू आलेली गोष्ट. गाडी आली की सोडवण्याआधी तिची टेस्ट करून घ्यावी लागते, आणि ज्या संस्थांची नावं त्या नियमात आहेत त्यात नगरची व्हीआरडीई, म्हणजे लष्करी गाड्यांची संशोधन संस्था आहे, मध्य प्रदेशातलं बुदनीचं शेती यंत्रांचं केंद्र आहे आणि आपली पुण्याची एआरएआय, गाड्यांची संशोधन संस्था. म्हणजे ज्या टेकडीवर मी रोज सकाळी फिरायला जातो, जिथे आपण सगळे "एआरएआय टेकडी" म्हणून सूर्योदयाचे फोटो टाकतो, तिथेच माझी जिम्नी पास की नापास ठरणार होती. काका म्हणाले, "तुला तिथे रोज आत घेतात का? नाही ना. गाडीला पण असंच सहज घेत नाहीत."

बरं, मी म्हटलं तीन वर्षांच्या आतली बघू, भाऊ शोधेल. तेव्हा त्यांनी कागद घेतला आणि हिशोब मांडला. हा कागद मी घरी फ्रिजवर लावलाय. चौदा लाखांची गाडी. जुन्या गाडीवर बेसिक ड्युटी ७० टक्के, म्हणजे ९ लाख ८० हजार. त्याच्यावर एआयडीसी, म्हणजे तो शेती पायाभूत सुविधांचा सेस, ६७.५ टक्के, म्हणजे ९ लाख ४५ हजार. (शेतीचा सेस गाडीवर कसा, हे मीही विचारलं, ते म्हणाले विचारू नये.) २०२५ च्या बजेटच्या आधी हे १२५ टक्के ड्युटी आणि त्यावर १० टक्के सरचार्ज असं होतं, म्हणजे १३७.५. आता दोन वेगळे तुकडे केले, ७० अधिक ६७.५, बेरीज करून बघा. पेपरात मथळा आला होता "इम्पोर्टेड गाड्यांची ड्युटी कमी", मी तो स्टेटसला पण ठेवला होता. काका तो कटिंग बघून इतके हसले की खोकला लागला.

झाले ३३ लाख २५ हजार. आता यावर जीएसटी, आणि गंमत इथेच सुरू होते, कारण इथून पुढे गाडी किती लांब, इंजिन किती, हेच सगळं ठरवतं. जपानची छोटी जिम्नी ३३९५ मिलिमीटर, इंजिन ६५८ सीसी, म्हणजे चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसीच्या आत, सप्टेंबर २०२५ च्या नव्या दरात १८ टक्के. हीच गाडी, हाच चौकोनी चेहरा, पण मोठ्या इंजिनची सिएरा, १४६० सीसी, ती घेतली तर लांबी चार मीटरच्या आत असूनही इंजिनमुळे ४० टक्के. मी छोटीच धरून चाललो होतो, सुदैव. ३३ लाख २५ हजारावर १८ टक्के म्हणजे जवळपास सहा लाख, झाले ३९ लाख २३ हजार. आणि मग महाराष्ट्र. आपल्याकडे इम्पोर्टेड गाडीला रोड टॅक्स २० टक्के. झाले साधारण ४७ लाख.

सत्तेचाळीस लाख. ६६० सीसीसाठी. रिक्षापेक्षा थोडं मोठं इंजिन. मी पाणी मागितलं. काकांनी चहा सांगितला.

चहा पिताना त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच खरं तर दीड हजार वसूल आहेत. टॅक्समध्ये गाडीला नाव नसतं, नंबर असतो. ८७०३ म्हणजे माणसं न्यायची गाडी, ८७०४ म्हणजे माल न्यायची. आता पिकअप घे, पुढे चार माणसं, मागे हौदा, ती कुठली? कस्टम्सवाले बघतात की मागच्या सीटा कायमच्या आहेत का, त्यांना बेल्ट आहेत का, मागे बाजूला खिडक्या आहेत का, ड्रायव्हर आणि मागचा भाग यात कायमची भिंत आहे का, आतनं कार्पेट-बिर्पेट नटवलंय का. "डबा कसा आहे ते नाही बघत, आतली भाजी बघतात," असं ते म्हणाले. अमेरिकेत १९६४ पासून हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के ड्युटी आहे, कोंबड्यांच्या भांडणातनं लागलेली, खरंच कोंबड्यांच्या, युरोपने अमेरिकन चिकनवर कर लावला म्हणून यांनी ट्रकवर लावला. तर सुबारूने काय केलं, ब्रॅट नावाच्या पिकअपच्या हौद्यात दोन उलट्या तोंडाच्या प्लास्टिकच्या सीटा वेल्ड करून ठेवल्या. झाली पॅसेंजर गाडी, ड्युटी अडीच-तीन टक्के. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू त्या सीटा यांनीच वेल्ड केल्यात.

इथलं उदाहरण पण त्यांनी दिलं आणि ते मला जास्त पटलं कारण ते रोज डोळ्यासमोर आहे. तीन दारांची थार. बाहेरून सारखी, लांबी सारखी, ३९८५ मिलिमीटर. १.५ लिटर डिझेल, फक्त मागची चाकं ओढणारी, ती १८ टक्क्यांत. २.२ डिझेल फोर बाय फोर, ती ४० टक्क्यांत. म्हणजे सरकारच्या लेखी चिखलात जाऊ शकणारी थार आणि मॉलला जाणारी थार या दोन वेगळ्या जाती आहेत, ठरवतं मात्र इंजिन, चिखल नाही. आधी याहून घोळ होता, २८ टक्के आणि वर सेस १, ३, १७, २०, २२ असा, आणि त्यात एसयूव्ही कोणाला म्हणायचं यावरच वाद. लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर, १७० मिमी किंवा जास्त. मग प्रश्न आला की क्लिअरन्स मोजायचा कसा, माणसं बसलेली असताना की रिकाम्या गाडीचा? २०२३ च्या जुलैत जीएसटी कौन्सिलने सांगितलं की रिकाम्या गाडीचा. देशाच्या अर्थमंत्री आणि सगळ्या राज्यांचे मंत्री बसून गाडीच्या पोटाखालची हवा मोजतायत, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

तर जिम्नी मेली. पण वेड मेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी हायवेलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे (नाव घेत नाही, घ्यायचंही नाही) मला दिसली टोयोटाची लँड क्रूझर. जुनी, ७० सिरीज, लांबवाली, स्नॉर्कल (पाण्यात इंजिनाला हवा मिळावी म्हणून वर नेलेला पाइप) लावलेला, हिमाचलचा नंबर. किंमत एकोणीस लाख. म्हणे भूतानच्या लिलावातली आहे, आर्मी मेंटेन्ड, पेपर क्लिअर, एनओसी येतेय. मी पंचवीस हजार टोकन देऊन आलो. होय, दिले. मला हसायचं असेल तर हसा, त्या गाडीचा दरवाजा बंद होतानाचा आवाज तुम्ही ऐकला नाहीये.

रात्री झोप लागेना म्हणून सकाळी आरसी आणि गाडीचे फोटो काकांना पाठवले. व्हॉट्सॲपवर त्यांचं उत्तर म्हणजे फक्त "ये." गेलो. त्यांनी आरसीच्या झेरॉक्सवर दोन ठिकाणी पेन्सिलने गोल केला. निर्मिती १९९६. पहिलं रजिस्ट्रेशन २०१४. "मधली अठरा वर्षं ही कुठे होती?" मी म्हटलं भूतानमध्ये असेल. "मग चौदा साली अठरा वर्षं जुनी गाडी देशात आली कशी? तीन वर्षांचा नियम काय तुझ्या जिम्नीपुरता आहे?" जुन्या गाड्या कायदेशीर मार्गाने पण येतात म्हणे, वकिलातींच्या असतात, विकल्यावर कस्टम्सची ड्युटी भरून कागद होतात, पण मग तो कागद असतो. रजिस्ट्रेशनच्या वेळी इम्पोर्टेड गाडीला कस्टम्स क्लिअरन्सचा दाखला द्यावाच लागतो, मोटार वाहन नियम ४७ मध्ये आहे. "बिल ऑफ एंट्री माग, कस्टम्सकडे आयातीची नोंद होते तो कागद. नंबर सांगितला तरी चालेल, बाकी मी बघतो."

मी डीलरला फोन केला. आधी म्हणाला ओरिजिनल मालकाकडे आहे. मग म्हणाला हरवलं. मग म्हणाला, "साहेब, इतकं कोण बघतं."

काकांचा आग्रह की चॅसिस नंबर डोळ्यांनी बघायचा. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, माझ्या ॲक्टिवावर मागे बसून, हेल्मेट घालून, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. खिशातनं रॉकेलात भिजवलेलं फडकं काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं, पुढच्या उजव्या चाकाच्या मागे चॅसिसच्या दांडीवर घासलं, माती निघाली, मोबाइलचा टॉर्च मारला. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना आपल्यासारखा सतरा अक्षरांचा नंबर नसतो, मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ, मग आकडे. तो होता. पण आकड्यांच्या भोवती धातू जरा जास्त गुळगुळीत होता, बाकी दांडी खरबरीत आणि तेवढाच तळहाताएवढा भाग घासलेला. काका काहीच बोलले नाहीत, फडकं परत पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. डीलरचा पोरगा म्हणाला, काय झालं काका? ते म्हणाले, "काही नाही, गुडघे दुखतात." बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर म्हणाले, "ही गाडी घेऊ नकोस. कस्टम्सने उद्या धरली तर ती गाडी धरतात, तू कितवा मालक आहेस ते नंतर."

हे सगळं झालं त्याच सुमारास, २०२५ च्या सप्टेंबरात, कोचीच्या कस्टम्सने केरळात भूतानमार्गे आलेल्या जुन्या गाड्यांवर धाडी घातल्या, ऑपरेशन नुमखोर, नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत गाडी. बातमीतल्या लँड क्रूझरचे फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. माझीवाली त्यातलीच होती असं मी म्हणत नाही, मला माहिती नाही, पण मी काकांना तो व्हिडिओ पाठवला आणि त्यांनी फक्त अंगठा पाठवला. टोकनचं म्हणाल तर पाच आठवडे चकरा मारून पंधरा हजार परत मिळाले, दहा गेले. ते माझे शिक्षणाचे पैसे. वर काकांनी हेही सांगितलं की वीस वर्षांवरच्या इम्पोर्टेड गाडीला रजिस्ट्रेशन रिन्यू करायचे आता ८० हजार लागतात, इथे बनलेल्या कारला १० हजार. म्हणजे पेपर खरे असते तरी मी दर पाच वर्षांनी रडलो असतो.

मध्येच मित्राचं एक प्रकरण झालं ते थोडक्यात सांगतो. त्याची वेल्ह्याला शेती आहे, त्याला एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची उघडी गाडी पाहिजे होती, बाहेरून जुनी आणू म्हणाला. काकांनी दोन मिनिटांत उडवलं, एटीव्ही पण ८७०३ मध्येच येते, बर्फावरच्या गाड्या आणि गोल्फ कार्टला त्यातच वेगळा उपकोड आहे पण तुझी त्यात बसत नाही, आणि आणलीस तरी रस्त्यावर चालवता येणार नाही, बांधावरून बांधावर फिरव. मग म्हणाले की पोलारिस कंपनीने एक एटीव्ही इथे ट्रॅक्टर म्हणून पास करून विकायला आणली होती, म्हणून ती रस्त्यावर चालते, हँडल मोटरसायकलचं, कागद ट्रॅक्टरचा. मित्र दोन दिवस घरच्यांना सांगत होता की मी ट्रॅक्टर घेतोय, आई खूश.

शेवटी मी काय घेतलं? जिप्सी. मारुती जिप्सी, २०११ ची, एमएच १२, मालक औंधचे एक निवृत्त गृहस्थ. आधी एका डीलरकडे (वरचा नाही, दुसरा) एक बघितली होती, पाच लाख चाळीस हजार आणि वर म्हणे "१८ टक्के जीएसटी वेगळा", म्हणजे आणखी ९७ हजार. काका म्हणाले, जुन्या गाडीच्या पूर्ण किमतीवर जीएसटी नसतो, डीलरला सुटणाऱ्या मार्जिनवर असतो, त्याने साडेचार-पावणेपाचला घेतली असेल तर साठ-सत्तर हजार ते लाखभरावर १८ टक्के काढ, दहा ते अठरा हजारांचा विषय आहे. आणि घरगुती माणसाकडून घरगुती माणसाने घेतली तर जीएसटीच नाही. मी डीलरला हे जाऊन ऐकवलं तर तो म्हणाला, आमचा सीए वेगळा आहे. असू दे.

औंधवाली जिप्सी चार लाख पंच्याहत्तरला ठरली. काकांना दाखवायला नाना पेठेत घेऊन गेलो, चूक केली, गल्लीत टेम्पो अडकला आणि मागे पंधरा हॉर्न. तरी काका खाली आले, शर्टाच्या खिशातली टेप काढली, एक टोक मला पुढच्या बंपरला धरायला लावलं आणि भर गल्लीत गाडी मोजली. ४०१० मिलिमीटर. मोजून त्यांनी मान हलवली, जसं डॉक्टर बीपी बघून हलवतात. "दहा मिलिमीटरने हुकली." इंजिन १२९८ सीसी, म्हणजे तिथे अठ्ठ्याण्णवने हुकली. आज ही गाडी नवी निघाली असती तर लहान गाडीत बसली नसती, ४० टक्क्यांत गेली असती, आणि आधीच्या सेसच्या हिशोबात १५०० सीसीच्या खाली म्हणून एसयूव्हीतही बसली नसती. लहान गाड्यांना चार मीटरची सवलत २००६ च्या बजेटात आली, आणि जिप्सी आली १९८५ च्या शेवटी, तेव्हा हे दहा मिलिमीटर कोणाला कापायचे होते. काका टायर ठोकत म्हणाले, "बिचारी कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून चांगली आहे."

मग समोरचा जाड बुलगार्ड दाखवून म्हणाले हा काढ, २०१७ च्या डिसेंबरपासून बंदी आहे, आरटीओत अडवतील. काढला. तो काढल्यावर गाडीचा चेहरा एकदम दाढी केलेल्या माणसासारखा दिसायला लागला, आठवडाभर ओळखू येईना.

आता तो अर्धा मार्क. काकांनी सहा हजारात पेपर तपासले, इन्शुरन्स, पीयूसी, चॅसिस, चलनं, सगळं. पण आरसीवर जुन्या फायनान्सचा बोजा चढलेला होता तो त्यांच्या नजरेतून सुटला. मालकाने कर्ज कधीच फेडलेलं, फक्त बोजा उतरवला नव्हता. आम्ही मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून संगम पुलाजवळच्या आरटीओत गेलो, तिथे खिडकीवर कळलं की आधी बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आणा. ती बँक मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, जुनं लोन अकाउंट शोधण्यात तीन आठवडे गेले. मी काकांना जरा चिडूनच फोन केला. उचलला नाही. (ते फोन कधीच उचलत नाहीत, ही दुसरी तक्रार.) संध्याकाळी गेलो तर म्हणाले, "चुकलं माझं. कस्टम्सची सवय, बोजा बघायची सवय नाही," आणि ड्रॉवरमधून हजार रुपये काढून टेबलावर ठेवले. मी घेतले नाहीत. ते म्हणाले घे, नाहीतर मला रात्री झोप येणार नाही. घेतले.

बाकी बारीकसारीक. तीच गोष्ट ते चार वेळा सांगतात, तुम्हाला घाई असेल तर जाऊ नका. कॉम्प्युटर नाही, दर बदलला की पुस्तकात जुना खोडून पेन्सिलने नवा लिहितात आणि बाजूला तारीख टाकतात, माझ्यासमोर २२ सप्टेंबर २०२५ ची तारीख टाकून ४० लिहिलेलं मी बघितलंय, आणि घरी येऊन ताडून बघितलं तर सगळे आकडे बरोबर निघाले. लेखी मत हाताने लिहून देतात, अक्षर मोत्यासारखं. नवीकोरी परदेशी सुपरकार आणायची असेल तर ते सरळ मुंबईचा माणूस गाठा म्हणतात, स्वतः घेत नाहीत. जुनी गाडी, टॅक्सचा कोड, संशयास्पद पेपर, यासाठी मात्र पुण्यात मला तरी दुसरं कोणी सापडलं नाही.

वेळ सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेसात. गुरुवारी बंद. गाडी रास्ता पेठेत लावा आणि चालत जा, टेपने मोजायची असेल तर ते स्वतःच येतील तिथपर्यंत.

आणि हो, नागोयाच्या भावाचं राहिलं. त्याला पण जिम्नीच पाहिजे होती, पण पाच दारांची, तिकडे तिला नोमाड म्हणतात, २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाली आणि चार दिवसांत पन्नास हजार बुकिंग होऊन कंपनीने ऑर्डर घेणंच थांबवलं. तो रांगेत आहे. ती बनते कुठे तर आपल्या गुरुग्रामला, इथून जहाजाने तिकडे जाते. मी काकांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकडे ड्युटी किती?" मी म्हटलं जपानमध्ये मोटारीवर कस्टम्स ड्युटी शून्य आहे. ते बराच वेळ पुस्तकाकडे बघत बसले.